नमाजी माणसाने मुलींसाठी सरकारी वारसा कायदा निवडला तर? (सल्ला हवा)

वाशिष्ठीकाठ

सलाम आणि नमस्कार. दोन वर्षं इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. मराठी टायपिंग धाकटीने शिकवलं, चुका पोटात घाला.

वय 61. गाव चिपळूण तालुक्यात, खाडीला लागून. 1988 ला कुवेतला गेलो, क्रेन चालवायचो. 1990 च्या ऑगस्टमध्ये सद्दामचं सैन्य आलं तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी अम्मानमार्गे मुंबईला आलो, नंतर पुन्हा गेलो, 2014 ला कायमचा परतलो. दोन मुली. थोरली फार्मसी करून खेडला दुकानात, धाकटी शिक्षिका. मुलगा नाही. शहरात माझ्या कमाईचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, गावात वडिलांच्या घराचा अर्धा भाग आणि चाळीसेक कलमं.

जुलै 2021 च्या पुरात फ्लॅटमध्ये छातीएवढं पाणी होतं. कागदांची पेटी माळ्यावर टाकायचं सुचलं नाही. पाणी ओसरल्यावर तिघी मायलेकी ती कागदं इस्त्रीने सुकवत बसल्या होत्या. थोरली खरेदीखत उचलून म्हणाली, “बाबा, हे घर पुढे कोणाचं?” मी म्हटलं, तुमचंच. ती म्हणाली, “पूर्ण?” त्या ‘पूर्ण’वर मी अडकलो तो अजून तिथेच आहे.

मौलानांना विचारलं. त्यांनी कागदावर मांडून दिलं. माझ्यामागे चोवीस वाटे करायचे. बायकोला तीन, दोन मुलींना मिळून सोळा, उरलेले पाच भावाला. मुलगा असता तर भावाला काही गेलं नसतं. भाऊ वाईट नाही हो. मी परदेशात असताना आईचं दुखणंखुपणं त्यानेच काढलं. पण त्याचे मुलगे वेगळ्या वळणाचे आहेत, आणि माझ्या मुलींनी स्वतःच्या घराच्या चोविसातल्या पाच वाट्यांसाठी चुलतभावांसमोर उभं राहावं हे मला सहन होत नाही.

मग केरळचे वकील सी. शुक्कूर यांच्याबद्दल वाचलं. तीन मुलीच. निकाहला जवळजवळ तीस वर्षं झालेली, तरी 8 मार्च 2023 ला त्यांनी आपल्याच बायकोशी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न नोंदवलं, म्हणजे इस्टेट मुलींना जाईल. वाटलं, जमलं! बायकोला म्हटलं, चल, पुन्हा नवरी हो. ती दोन दिवस हसत होती.

कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी फॉर्म बघून विचारलं, लग्नाआधी तुमचं काही नातं होतं का? मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, सख्ख्या मामाची मुलगी. त्यांनी फॉर्म हळूच माझ्याकडे सरकवला. म्हणे या कायद्यात मामेबहीण चालत नाही. कोपऱ्यातला शिपाई म्हणाला, “माझी पण मामाचीच आहे की!” त्याचं लग्न हिंदू कायद्यातलं, तिथे रूढी चालते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

हे झालं कायद्याचं. माझा खरा प्रश्न वेगळा आहे. मी पाच वेळचा नमाजी आहे. रोजा एकदाच चुकला, तोही बायपासच्या वर्षी. जमातीतल्या एकाला हे कळलं आणि जुम्म्यानंतर पायऱ्यांवर त्याने विचारलं, “काय, सेक्युलर झालास?” ‘दारू पितोस काय’ या सुरात. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंचं गाव मिरजोळी आमच्यापासून लांब नाही. लहानपणी त्यांचं नाव निघालं की वडील विषय बदलायचे, तो सूर मला ओळखीचा आहे.

आणि दुसरीकडचं सेक्युलर मला माहीत आहे. ईदला शिरखुर्मा, गणपतीत मोदक, पेपरात फोटो. मोदक मला आवडतात, पण मी कागदाबद्दल विचारतोय. अल्लाहचा हुकूम मानणाऱ्या माणसाने एका बाबतीत सरकारचा कायदा आपणहून मागून घेतला, तर त्याने दीन सोडला असं होतं का? आणि नसेल होत, तर मामाच्या मुलीशी लग्न केलेल्याने करायचं काय?

वकीलबाई_सातारा

काका, आधी दुसऱ्या प्रश्नाचं.

कचेरीतल्या बाई बरोबर होत्या. आधी झालेलं लग्न 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदवायचं तर कलम 15 लागतं, आणि निषिद्ध नात्यांच्या यादीत मामे, आते, चुलत, मावस सगळी भावंडं आहेत. रूढीची सवलत फक्त कायदा येण्यापूर्वीच्या लग्नांना. नोंदणी झाली असती तर तुमचा वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने, म्हणजे 1925 च्या, ठरला असता. बायकोला एक तृतीयांश, बाकीचं मुलींना समान, भावाला काही नाही, आणि मृत्युपत्र हवं तसं करता आलं असतं.

गंमत बघा, दोन हिंदूंनी याच कायद्याखाली लग्न केलं तर 1976 च्या दुरुस्तीमुळे त्यांना पुन्हा हिंदू वारसा कायदाच लागतो. धर्मनिरपेक्ष म्हणून केलेल्या कायद्यालाही असे कप्पे आहेत.

मृत्युपत्राचा तुम्हाला फारसा उपयोग नाही. एक तृतीयांशाच्या वर जाता येत नाही, आणि वारसाला द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते, तीही तुमच्यामागे. म्हणजे पुन्हा भावाच्या दारात.

राहतो हिबा, जिवंतपणीची बक्षिसी. सगळी मालमत्ता देता येते. अट एकच, खरोखर द्यावी लागते, ताबा सोडावा लागतो. माझा सल्ला, तोंडी हिब्यावर राहू नका, नोंदणीकृत बक्षीसपत्र करा. राहतं घर मुलांना द्यायचं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. पण सांगून ठेवते, दिलं म्हणजे गेलं. मुलगी उद्या म्हणाली, बाबा, फ्लॅट विकतेय, तर तुम्ही कायद्याने पाहुणे.

पहिल्या प्रश्नावर मी बोलणार नाही, तो माझा प्रांत नाही.

एक_देश

एवढं लांबण कशाला? समान नागरी कायदा आणा, प्रश्न मिटला. उत्तराखंडने 2025 मध्ये आणला.

वकीलबाई_सातारा

@एक_देश, माझ्या ऑफिसात या. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने 1994 पासून समान हक्क दिलाय, देशाने 2005 पासून. माझ्या कपाटात सगळ्यात जाड फाइल कोणती सांगू? बहिणींची हक्कसोड पत्रं. चोळी-बांगडी घेऊन सह्या करून जातात. कायदा समान आहे, सही एकाच बाजूची होते.

फोंड्याचा_नाईक

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे 1870 पासून पोर्तुगीज दिवाणी कायदा. 1961 ला पोर्तुगीज गेले, कायदा राहिला. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, सगळ्यांच्या मुलामुलींना सारखं, आणि बापाला अर्ध्यापेक्षा जास्त इस्टेट मर्जीने वाटता येत नाही. माझ्या शेजारचे खानसाहेब निबंधकाकडे सह्या करून आले, नंतर निकाह झाला. त्यांना कोणी ‘सेक्युलर झालास’ म्हटल्याचं ऐकलं नाही, कारण निवडायचा प्रश्नच नव्हता. काका, तुमची अडचण तीच असावी. तुम्हाला निवडावं लागतंय, आणि निवडणारा माणूस लोकांना दिसतो.

पण गोव्याचं फार कौतुक नको. वकीलबाई म्हणतात ते खरं आहे. माझ्या आत्येने सही केली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. तिला त्या दिवशी मासे वाढताना आजी गप्प होती, एवढंच आठवतं.

तालिबे_इल्म

अस्सलामु अलैकुम चाचा. मी मदरशात शिकलो, आता पुण्यात बी.ए. करतोय. वयाने लहान आहे, बेअदबी वाटली तर माफ करा.

हिबा करणं शरियतच्या बाहेर नाही, त्यामुळे तुम्ही दीन सोडता वगैरे काही नाही. मुलांना देताना सारखं द्या, एवढी ताकीद हदीसमध्ये आहे. नोमान बिन बशीर यांच्या वडिलांनी त्यांना एकट्याला काही दिलं, तेव्हा हुजूरांनी, म्हणजे पैगंबरांनी, विचारलं होतं, सगळ्या मुलांना असंच दिलंस का? तुम्ही दोघींना सारखं देणार आहात. वारसांना वंचित ठेवण्याची नीयत मात्र नसावी, असं आमचे उस्ताद सांगायचे. नीयत तुमची तुम्हाला माहीत.

सेक्युलरबद्दल माझं मत पायऱ्यांवरच्या त्या साहेबांसारखं नाही. तुर्कस्तानने 1926 मध्ये स्वित्झर्लंडचा दिवाणी कायदा उचलून आणला, धर्म घराबाहेर दिसू नये असा प्रयत्न केला. तसलं सेक्युलर मला नको. पण मी ज्या देशात दाढी ठेवून कॉलेजात बसतो, तिथे सरकारचा स्वतःचा कुठलाच मजहब नाही, म्हणूनच बसू शकतो. हे आमच्या लोकांनी विसरू नये.

आणि शरियत आली म्हणून मुलींचं नुकसान झालं असं सरसकट म्हणू नका. 1847 मध्ये मुंबईच्या कोर्टात खोजा समाजातल्या मुलींनी कुराणाप्रमाणे वडिलांच्या मिळकतीत हिस्सा मागितला होता. इंग्रज न्यायाधीश पेरी म्हणाले, तुमची रूढी मुलींना देत नाही, रूढीच लागेल. मुली हरल्या. कुराण त्यांच्या बाजूने होतं, समाज आणि सरकार नव्हतं.

आता हिसाब. चाचा, उरलेले पाच वाटे सगळे भावाला केव्हा? बहीण नसेल तेव्हा. सख्खी बहीण हयात असेल तर ते पाच भाऊ-बहिणीत दोनास एक जातात. मग बहात्तर वाटे करायचे: चाचीला 9, मुलींना 24 आणि 24, भावाला 10, बहिणीला 5. मौलानांनी एवढी साधी गोष्ट सोडली असेल असं वाटत नाही. तुम्हाला बहीण आहे का?

जुनी_चळवळ

या मुलाने शेवटी विचारलं तेच मी विचारणार होते.

मी सत्तरीची आहे. हमीद दलवाईंनी काढलेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाचं काम 1980 च्या दशकात केलं, आता गुडघे करू देत नाहीत. मंडळ पुण्यात निघालं 22 मार्च 1970 ला. त्याच्या चार वर्षं आधी, 18 एप्रिल 1966 ला, मुंबईत विधिमंडळावर मुस्लिम बायकांचा मोर्चा गेला होता. बायका किती? सात. सातच. तोंडी तलाक बंद करा, सवत बंद करा, सगळ्यांना एक कायदा लावा. तलाकच्या एका घावाचा निकाल सुप्रीम कोर्टात लागायला 2017 चा ऑगस्ट उजाडला.

वाशिष्ठीकाठ, तुमच्या वडिलांनी ज्यांचं नाव टाळलं त्या हमीदभाईंनी 1956 मध्ये मेहरुन्निसाभाभींशी आधी निकाह केला आणि नंतर विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न केलं. शुक्कूर वकिलांच्या सदुसष्ट वर्षं आधी. 1977 मध्ये गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन झालं नाही, दहन झालं. ते स्वतःला मुसलमान म्हणवत, पण श्रद्धाळू नव्हते. तुम्ही श्रद्धाळू आहात. आमच्या चळवळीची खरी अडचण ही होती की तुमच्यासारख्या माणसाला उभं राहायला आम्ही जागा केली नाही. आम्ही म्हणायचो, राज्याचा कायदा हवा. मौलवी म्हणायचे, मग दीन सोड. मध्ये उभा असलेला नमाजी बाप दोघांनाही दिसला नाही.

हे मला 1986 नंतर उमगायला लागलं. इंदूरच्या तलाक मिळालेल्या शाहबानो. महिना 179 रुपये 20 पैसे पोटगी. एवढ्या रकमेसाठी देश पेटला. कोर्टाने दिली, संसदेने पुढच्याच वर्षी कायदा करून ती वाट अडवली. तोही सेक्युलर म्हणवणाऱ्या सरकारने, मौलवींना बरं वाटावं म्हणून. त्याच वर्षी अयोध्येची कुलुपं निघाली, दुसऱ्यांना बरं वाटावं म्हणून. दोन्हीकडच्या देवाणघेवाणीत त्या म्हातारीला कोणी विचारलं नाही. माझं मत विचाराल तर आपल्याकडे सेक्युलर हा शब्द बिघडला तो तिथे. सरकार सगळ्या धर्मांपासून सारख्या अंतरावर नव्हतं, सगळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांच्या सारखं जवळ होतं.

ट्युनिशियात पंतप्रधान बुरगिबांनी 1956 मध्येच एकाहून जास्त बायका करायला बंदी घातली. पण वारशात मुलामुलीला सारखं देण्याचा प्रस्ताव मंत्रिमंडळाने मंजूर करायला 2018 उजाडलं, आणि तोही पुढे गेला नाही. लोक तलाक सोडतील, सवत सोडतील, जमीन सोडणार नाहीत. सगळ्या धर्मांचे.

केरळमधून सुप्रीम कोर्टात अर्ज आलेत. एक म्हणतो, मी श्रद्धा सोडली, मला 1925 चा कायदा लावा. दुसरा म्हणतो, श्रद्धा न सोडता लावा. तुमचा प्रश्न हा दुसरा आहे. निकाल काय यायचा तो येवो, प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही एवढं कळवते.

पण बहिणीचं सांगा.

वाशिष्ठीकाठ

चार दिवस उत्तर दिलं नाही. माफी.

हो, बहीण आहे. दोघा भावांच्या पाठची. दापोली तालुक्यात दिलेली, तिथेच असते. मौलानांनी विचारलं होतं, “भाऊ किती?” मी म्हटलं, एक. बहीण त्यांनी विचारली नाही. मी सांगितली नाही. मुद्दाम लपवली असं नाही. सुचलंच नाही, आणि हेच जास्त वाईट आहे असं बायको म्हणते.

वडील 1998 ला गेले. मी पंधरा दिवसांच्या रजेवर आलो होतो. चाळिसावा झाला नव्हता, आणि वारस नोंदीचं काम माझ्या रजेत बसवायचं म्हणून आम्ही तिला घेऊन कचेरीत गेलो. तिने सही केली. मी कुवेतहून आणलेलं घड्याळ तिला दिलं. सोनेरी होतं, सोन्याचं नव्हतं.

परवा त्या पोराच्या पद्धतीने मांडून बघितलं. वडिलांमागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. चाळीस वाटे केले तर आईला पाच, आम्हाला चौदा-चौदा, तिला सात. पुढे आई गेली, तिच्या पाचातला एक हिला. म्हणजे चाळिसातले आठ. पाचातला एक वाटा तिचा होता, माझ्याच शरियतने. सरकारी कायदा तर दूरच, मी ज्याच्या नावाने पाच वेळा उभा राहतो त्याने सांगितलेलं मी दिलं नव्हतं. आणि जुम्म्याला पायऱ्यांवर मला हटकणाऱ्या त्या माणसाच्या बहिणीनेही सही केलेली आहे, मी साक्षीदार होतो. त्या दिवशी आम्हाला कोणी विचारलं नाही, काय, सेक्युलर झालात?

काल गेलो होतो तिच्याकडे. सांदणं केली होती. मी येतोय म्हटल्यावर तिला वाटलं, तब्येतीचं काहीतरी आहे. बायकोने विषय काढला, मला जमेना. मुलींना फ्लॅट द्यायचाय, तो माझ्या कमाईचा, त्याचं ते बक्षीसपत्र होईल. पण गावचं घर आणि कलमं यांत तुझा वाटा आहे, तो आधी तुझ्या नावावर करायचा, असं बायकोनेच सांगितलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “भाई, त्याला विचारलंस?” म्हणजे आमच्या भावाला. मी म्हटलं, नाही अजून. ती म्हणाली, “मग एवढ्यात बोलू नको. तो माणूस वाईट नाही, त्याला एकदम सांगशील तर वाईट होईल.”

निघताना तिने विचारलं, तो सहीचा कागद आहे का? पेटीत होता, पुरात भिजलेला. आणला होता मी. तिने चष्मा लावून बघितला. सहीच्या जागी निळा डाग आहे फक्त. म्हणाली, “तेव्हा मी उर्दूत सही करायचे. बचत गटात गेल्यापासून मराठीत करते.” आणि घडी करून परत दिला.

@तालिबे_इल्म, बेटा, वालेकुम सलाम राहिलं होतं. वालेकुम सलाम.

@वकीलबाई_सातारा, बाई, दोन गोष्टी सांगा. 1998 च्या नोंदणीकृत दस्ताची प्रत दुय्यम निबंधकाकडे मिळते ना, दस्त नंबर डागात गेला असेल तरी? आणि हक्कसोड केलेल्या बहिणीला तिचा वाटा परत द्यायचा तर तेही बक्षीसपत्रच करायचं का? भाऊ तयार झाला नाही तर निदान माझ्या वाट्यातून किती, तेही मांडून ठेवलंय.

वकीलबाई_सातारा

मिळते. नावाच्या सूचीवरून शोध घेता येतो, शोध फी भरायची. वर्ष आणि गाव पक्कं आहे तेवढं पुरे. प्रत काढताना तिलाही बरोबर न्या. बाकीचं फोनवर बोलू, नंबर निरोपात टाकलाय. आणि शहरातल्या फ्लॅटची सोसायटी असेल तर बक्षीसपत्राआधी त्यांना विचारून घ्या, नाहीतर नाव चढवताना सहा महिने जातात.